निष्ठा आमची, लिलाव त्यांचा

(आसगाव, जि. भंडारा येथे कार्यकर्ते आणि क्रीडाप्रेमी तरुण यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



विषय निवडण्याचे स्वातंत्र्य संयोजकांनी माझ्यावर सोपवले, तेव्हा धानाचा हमीभाव किंवा गोसीखुर्दचे पाणी यांपैकी एखाद्या प्रश्नावर मी बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. ते प्रश्न जिव्हाळ्याचे आहेत आणि त्यांवर आपल्याला पुढेही बोलावे लागणार आहे. परंतु आज मी वरवर पाहता किरकोळ वाटणाऱ्या एका दुःखाविषयी बोलणार आहे. आपला आवडता खेळाडू आपला संघ सोडून दुसरीकडे जातो, तेव्हा त्याच्यावर जीव टाकणाऱ्या सामान्य माणसाला जे वाटते, त्याविषयी. अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, या दुःखाच्या मुळाशी श्रम, मालकी आणि मोबदला हेच आपले जुने प्रश्न दडलेले आहेत. फरक एवढाच की, इथे ते खेळाचा सदरा घालून येतात.

आपल्या विदर्भापासूनच सुरुवात करू. विदर्भाचा संघ १९५७-५८ च्या हंगामापासून रणजी स्पर्धेत खेळतो आहे. पहिला करंडक हाती यायला साठ वर्षे लागली. जानेवारी २०१८ मध्ये इंदूरला दिल्लीचा पराभव करून तो मिळाला, पुढच्याच हंगामात दुसरा मिळाला, आणि मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या जामठा मैदानावर केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर तिसरा मिळाला. त्या शेवटच्या सामन्यात करुण नायरने ८६ आणि १३५ धावा काढल्या. शतक झळकावणारा हा फलंदाज आपलाच, असे त्या दिवशी वऱ्हाडापासून झाडीपट्टीपर्यंत सर्वांना वाटले. पुढचा हंगाम उजाडण्यापूर्वी तो आपल्या मूळच्या कर्नाटक संघात परत गेला. त्याच सुमारास अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याकडे गेला. चहाच्या टपऱ्यांवर तेव्हा जी भाषा ऐकू आली, ती आपल्या परिचयाची आहे. ‘गद्दार’ हा शब्द महाराष्ट्रात अलीकडे फार स्वस्त झाला आहे.

आता जमाखर्चाच्या वहीची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. पहिल्या दोन करंडकांच्या वेळी विदर्भाच्या फलंदाजीचा आधारस्तंभ असलेला वासिम जाफर कोठला? तो मुंबईच्या मैदानांवर वाढलेला, मुंबईसाठी अनेक करंडक जिंकलेला. २०१५-१६ च्या हंगामात तो आपल्याकडे आला. दुसऱ्या करंडकाच्या हंगामात त्याने हजारावर धावा केल्या. त्या संघाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित हेही मुंबईचेच. त्यांच्या येण्याला आपण निष्ठाभंग म्हटले नाही. येणारा तो पाहुणा आणि जाणारा तो फितूर, हा न्याय सोयीचा असला तरी खरा नव्हे. नायरही मुळात पाहुणाच होता. कर्नाटकाने त्याला वगळले तेव्हा त्याला दार उघडून देणारा विदर्भ होता, आणि दोन हंगामांत त्याने त्याची पुरेपूर परतफेड केली.

जीव लावणे हा खुळेपणा नव्हे

तरीही, मित्रहो, प्रेक्षकाच्या दुःखाची थट्टा करणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. ‘खेळ तो खेळ, त्यात एवढे काय मनाला लावून घ्यायचे?’ असे म्हणणारे शहाणे आपल्याकडे पुष्कळ आहेत. आपल्यातील काही विचारवंतही खेळाचे वेड म्हणजे जनतेची अफू, असे सांगून मोकळे होतात. मला हे मान्य नाही. धानाची कापणी-मळणी उरकली की आपल्या या भागात कबड्डीचे सामने रंगतात, शंकरपट भरतात, झाडीपट्टीची नाटके रात्र रात्र चालतात. ज्या माणसाच्या मालकीची दीड एकर बांधी आहे, किंवा तीही नाही, त्याला वर्षातून काही दिवस ‘आपण’ हा शब्द मोठ्या आवाजात उच्चारता येतो तो अशा ठिकाणी. ‘आपण जिंकलो’ असे तो म्हणतो, तेव्हा त्या ‘आपण’मध्ये जात, वाडा आणि जमिनीचा सातबारा काही काळ तरी मागे पडतो. एकमेकांच्या घरी पाणी न पिणारी माणसे एका चढाईवर एकाच वेळी उभी राहतात, ही गोष्ट समाजवादी माणसाने हलकी मानू नये.

शिवाय या निष्ठेला आर्थिक मूल्य आहे. मैदान बांधता येते, दिवे लावता येतात, खेळाडू पैसे देऊन आणता येतात; परंतु ते सारे पाहण्यासाठी लाखो माणसांनी जीव टाकणे, ही वस्तू कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. ती प्रेक्षक तयार करतो आणि फुकट देतो. इंडियन प्रीमियर लीगच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. विकले काय गेले? चेंडू-फळीचा खेळ तर गल्लोगल्ली फुकट चालतो. विकले गेले ते आपले लक्ष आणि आपला लोभ. ज्याच्या लोभाची ही किंमत, त्या प्रेक्षकाला विक्रीच्या व्यवहारात स्थान कोणते? काहीही नाही.

खेळाडू हा श्रमिक आहे

आता खेळाडूकडे वळू. कबड्डीपटूचे सर्व भांडवल म्हणजे त्याचे गुडघे, घोटे आणि खांदे. पस्तिशीच्या आसपास ते भांडवल संपते. एखादी वाईट पकड ते एका क्षणात संपवते. सर्वसाधारण नोकरदार पस्तीस वर्षांत जे कमावतो, ते याला दहा-बारा वर्षांत कमवायचे असते. आपल्या घरातला मुलगा भंडाऱ्याहून पुण्याच्या कारखान्यात चार हजार रुपये अधिक मिळतात म्हणून गेला, तर आपण त्याला गावाशी बेइमान झाला असे म्हणत नाही. डोळे पुसून त्याला गाडीत बसवून देतो. मग चढाई करणाऱ्या मुलालाच निराळा कायदा का?

खेळाडूने जागा बदलण्याचा हा हक्क जगात कोणी सहज दिलेला नाही. अमेरिकेत बेसबॉलचे संघमालक खेळाडूला त्याच्या संमतीवाचून एकमेकांना देत-घेत असत. १९६९ साली सेंट लुईसच्या कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूची अशीच फिलाडेल्फियाला रवानगी झाली. आपण खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही, असे ठणकावून त्याने जाण्यास नकार दिला आणि न्यायालयात दाद मागितली. १९७२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात तो हरला. त्याची कारकीर्दही संपली. पण खेळाडूंच्या संघटनेने लढा सोडला नाही, आणि १९७५ च्या अखेरीस लवादाच्या निर्णयाने ती प्रथा मोडली. युरोपात फुटबॉलपटूंना करार संपल्यावर मोकळेपणाने दुसरीकडे जाता यावे, यासाठी बेल्जियमच्या बोसमनला १९९५ पर्यंत न्यायालयात झगडावे लागले. ज्यांना आज आपण ‘पैशाच्या मागे धावणारे’ म्हणतो, त्यांच्या या हक्कामागे अशा माणसांची उद्ध्वस्त आयुष्ये आहेत.

इथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. निवडून आलेला प्रतिनिधी पक्ष बदलतो आणि खेळाडू संघ बदलतो, या दोन गोष्टी एका तागडीत टाकू नयेत. प्रतिनिधीने मतदाराला वचन देऊन त्याचे मत घेतलेले असते. ते मत त्याच्याकडे ठेव म्हणून असते. म्हणूनच १९८५ साली पक्षांतराविरुद्ध कायदा करावा लागला. खेळाडू आपल्याकडून काही घेऊन जात नाही. त्याने खेळण्याचे वचन दिले होते, तो खेळला, आणि करार संपल्यावर गेला.

पटावरची जोडी

मग प्रेक्षकाची फसवणूक कोणीच केली नाही काय? झाली आहे; पण तिचा कर्ता आपण चुकीच्या जागी शोधतो. आपल्याकडे शंकरपटात नाव काढलेली बैलजोडी धन्याने विकली की गाव हळहळतो. पण त्या बैलांना कोणी बेइमान म्हणत नाही, कारण व्यवहार धन्याचा असतो हे सर्वांना ठाऊक असते. खेळाडूंचा लिलाव २००८ पासून क्रिकेटमध्ये आणि २०१४ पासून प्रो कबड्डीत सुरू आहे. लिलावात नाव देण्याची मुभा खेळाडूला असते. कोणत्या संघात जायचे हे ठरवण्याची मात्र नसते. ज्याची बोली मोठी, त्याचा तो. बोली लागल्यानंतर सबळ कारणावाचून माघार घेतली, तर क्रिकेटमध्ये दोन हंगामांची बंदी येते. म्हणजे निष्ठेची अपेक्षा आपण अशा माणसाकडून करतो, ज्याला निष्ठा कोणाशी ठेवायची हे निवडण्याचीच सोय नाही.

याचे लख्ख उदाहरण पुण्याचे. १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने हरियाणाला हरवून प्रो कबड्डीचे पहिले विजेतेपद मिळवले. त्या संघात इराणचा मोहम्मदरेझा शादलुई हा पकडीचा खंदा खेळाडू होता. त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलेले होते. पुढच्या लिलावात तो २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला. त्याच वर्षाच्या २९ डिसेंबरला, आणि तेही पुण्याच्याच बालेवाडीत, हरियाणाने विजेतेपद पटकावले. एका वर्षात एकच माणूस दोन संघांसाठी जिंकला. तो बदलला होता काय? त्याची पकड तीच होती. बदलली होती ती बोली. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई एक हंगाम मुंबईकडून गाजवून २०१९ मध्ये १ कोटी ४५ लाखांना तेलुगू टायटन्सकडे गेला, तेही याच मार्गाने.

यावर कोणी म्हणेल, ‘प्राध्यापकमहाशय, समाजवादी असून कोट्यधीशांचा कैवार घेता?’ त्यासाठी आकडे पाहू. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयपीएलचा मोठा लिलाव झाला, तो भारतात नव्हे, सौदी अरेबियातील जेद्दा शहरात. त्यासाठी १,५७४ खेळाडूंनी नावे नोंदवली. विकले गेले १८२. वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून येतात ती त्या १८२ पैकी दहा-बारा जणांची. उरलेल्या सुमारे चौदाशे जणांच्या उमेदीच्या वर्षांचा हिशेब कोण मांडतो? आणि ज्यांना मिळाले त्यांना तरी किती? प्रत्येक संघाला खेळाडूंच्या खरेदीसाठी १२० कोटींची मर्यादा होती. दहा संघांचे झाले १,२०० कोटी. प्रक्षेपण हक्कांचे वार्षिक उत्पन्न सुमारे ९,६७८ कोटी. म्हणजे हे सुमारे आठव्या हिश्श्याएवढे. सामन्यागणिक मानधन आणि इतर रकमा धरल्या तरी सहाव्या हिश्श्याच्या पलीकडे गोष्ट जात नाही. जाहिराती, तिकिटे यांचे उत्पन्न तर मी हिशेबात धरलेलेच नाही. अमेरिकेतील बास्केटबॉल लीगमध्ये उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा भाग खेळाडूंना मिळतो. कारण तिथे खेळाडूंची मजबूत संघटना मालकांशी सामुदायिक करार करते. आपल्याकडे २०१९ मध्ये क्रिकेटपटूंची जी संघटना मान्य झाली, ती निवृत्तांची. जो आज मैदानात घाम गाळतो, त्याला सामुदायिक वाटाघाटीचा अधिकार नाही. गिरणी कामगारांच्या चळवळीत वाढलेल्या महाराष्ट्राला या वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नसावी.

हुर्यो कोणाची?

२०२४ च्या उन्हाळ्यात मुंबईच्या वानखेडे मैदानावर जे घडले, ते या संदर्भात आठवावे. मुंबईच्या संघाला पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्या रोहित शर्माला कर्णधारपदावरून दूर करण्यात आले आणि गुजरातहून परत आणलेल्या हार्दिक पंड्याला कर्णधार केले गेले. हार्दिकची हुर्यो अहमदाबादच्या प्रेक्षकांनी उडवली, कारण तो त्यांना सोडून गेला. आणि मुंबईच्या प्रेक्षकांनीही उडवली, कारण तो त्यांच्याकडे आला! निर्णय ज्यांनी घेतला ते संघमालक सजवलेल्या कक्षात बसलेले होते. त्यांच्या दिशेने हुर्यो गेली नाही. संघ त्या हंगामात तळाला राहिला. जूनच्या अखेरीस भारताने विश्वचषक जिंकला, त्यात शेवटचे षटक हार्दिकने टाकले, आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. लोक चंचल आहेत, असा याचा अर्थ मी लावत नाही. त्यांच्या रागाला योग्य पत्ता कोणी सांगितलेला नव्हता, एवढाच अर्थ लावतो.

आणि मालक स्वतः किती निष्ठावान असतात? २०११ मध्ये पुण्याच्या नावाचा एक क्रिकेट संघ उभा राहिला. २०१३ मध्ये तो इतिहासजमा झाला. २०१६ मध्ये पुण्याच्याच नावाने दुसरा आला. दोन हंगामांनी तोही गेला. झेंडे आणि सदरे विकत घेतलेल्या पोरांना कोणी विचारले नाही. हे आपल्याकडेच घडते असेही नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला बेसबॉल संघ १९५७ चा हंगाम संपताच मालकाने उचलून लॉस एंजेलिसला नेला. अधिक सवलती मिळतात म्हणून कारखाना कामगारांना वाऱ्यावर सोडून दुसऱ्या राज्यात जातो, तसाच हा प्रकार. खेळाडू एकटा जातो. मालक जातो तेव्हा अख्खा संघच घेऊन जातो.

हर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक मार्मिक मांडणी केली. एखाद्या संस्थेचा कारभार बिघडला, तर माणसापुढे दोन मार्ग असतात: ती सोडून जाणे, किंवा आत राहून आवाज उठवणे. निष्ठा असली की माणूस चटकन सोडून जात नाही. म्हणून त्याच्या आवाजाला वजन येते. ही मांडणी आपल्या प्रेक्षकाला लावून पाहा. तो संघ सोडत नाही, कारण निष्ठा आहे. आणि त्याला आवाजही नाही, कारण तो सभासद नाही, गिऱ्हाईक आहे. ज्याला जाता येत नाही आणि बोलताही येत नाही, त्याच्या निष्ठेतून दुसऱ्याचा नफा तेवढा पिकतो. प्रेक्षकाच्या दुःखाचे माझ्या मते हे खरे निदान आहे.

सभासद व्हा

निदान झाल्यावर उपचार सांगितला पाहिजे. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा फुटबॉल संघ दूरच्या दुसऱ्या शहरी हलवण्याची परवानगी २००२ मध्ये मालकांना मिळाली. तिथल्या प्रेक्षकांनी रडत बसण्याऐवजी त्याच वर्षी सभासदांच्या मालकीचा नवा संघ उभा केला. तळाच्या पायरीपासून चढत तो २०११ मध्ये राष्ट्रीय पातळीच्या व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला. स्पेनमधील बार्सिलोना हा संघ सभासदांचाच आहे. तिथेही २०२१ मध्ये मेस्सीला कर्जाच्या डोंगरापायी जावे लागले. सभासदांची मालकी असली की खेळाडू कधीच जात नाही, असे मी म्हणत नाही. पण तिथे सभासदांनी २०२० मध्ये वीस हजारांवर सह्या गोळा करून अविश्वास ठराव मागितला, आणि अध्यक्षासह कार्यकारिणीला पायउतार व्हावे लागले. मेस्सी गेल्याचे दुःख त्यांनाही झाले. पण जाब विचारण्याची जागा त्यांच्यापाशी होती. जर्मनीत तर फुटबॉल संघातील मतांचे बहुमत सभासदांच्या संस्थेकडे असावे, असा सर्वसाधारण नियमच आहे.

सहकाराची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्राला हे परके वाटू नये. परंतु थेट मोठ्या संघांच्या मालकीची स्वप्ने पाहण्याआधी आपल्या मैदानाकडे पाहू. आसगावात, पवनी तालुक्यात, जिल्ह्यात जी क्रीडा मंडळे आहेत, त्यांचे सभासद किती? बक्षिसाची रक्कम एखादा पुढारी देतो, व्यासपीठावर त्याचा फलक लागतो, आणि मंडळ त्याचे होऊन बसते. हीसुद्धा लहान प्रमाणावरची संघमालकीच आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना माझी सूचना चार गोष्टींची आहे. पहिली, मंडळाची वर्गणी अगदी अल्प ठेवा, पण सभासद शेकड्यांनी करा, आणि त्यांत बायामाणसे व मुली असू द्या. दुसरी, वर्षातून एकदा जमाखर्च सर्वांसमोर वाचा. तिसरी, खेळताना जायबंदी झालेल्या मुलाच्या औषधोपचारासाठी आणि विम्यासाठी निधी ठेवा. आपल्या संघासाठी गुडघा मोडून घेतलेल्या पोराला आपण वाऱ्यावर सोडणार असू, तर त्याच्याकडून निष्ठा मागण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. चौथी, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी असलेल्या पाच टक्के राखीव जागांची माहिती खेड्यातल्या मुलामुलींपर्यंत पोहोचवा, त्यांची प्रमाणपत्रे वेळेवर मिळवून द्या. घराजवळ पोट भरण्याची सोय झाली, तर गाव सोडून जाण्याची अर्धी कारणे संपतात.

एवढे करूनही एखादा मुलगा जाईल. नागपूरच्या, पुण्याच्या संघाला त्याची गरज भासेल, आणि त्याला पैशाची. त्याला शिव्या देऊन पाठवू नका. मैदानावर बोलावून सर्वांसमक्ष निरोप द्या, आणि एवढेच मागा की, दरवर्षी धान निघाल्यावर आठ दिवस येऊन त्याने आपल्या लहान पोरांना चढाई शिकवावी. तो आला तर आनंदच आहे. आला नाही, तरी मैदान आणि मंडळ सभासदांच्या नावावर असेल, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरे तिथे खेळायला येतील.